नौपाड्यातल्या नर्व्ह टेस्ट केंद्राचा अनुभव: मायस्थेनियाच्या तपासणीसाठी

संध्याकाळ झाली की पापणी खाली येते, बोलता बोलता आवाज नाकात जातो, भाकरी चावताना जबडा थकतो आणि रात्रभर झोपून उठलं की सगळं जवळपास ठीक असतं. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही अशा मायस्थेनिया या आजाराची ही लक्षणं. घरात कुणाला असा त्रास असेल आणि डॉक्टरांनी ‘नसांची टेस्ट’ लिहून दिली असेल, तर ठाण्यात ती नौपाड्यातल्या या केंद्रात करा, असं मी मनापासून सांगेन. पाचपैकी साडेचार तारे देतोय. अर्धा कुठे कापला तेही सांगतो, पण साडेचार कशाचे ते आधी नीट सांगायला हवं.

तपासणी आमच्या सौ.ची होती. वय एकोणसाठ. कोपरीतल्या भजनी मंडळात पुढे बसून गाते. गेल्या पावसाळ्यात अभंगाच्या दुसऱ्या कडव्यानंतर तिचा आवाज साथ सोडायला लागला. घशाच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, तो उत्तम होता. मग डावी पापणी उतरू लागली. तेव्हा एका ठिकाणी आम्ही एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहायची टेस्ट, करून घेतली. हातापायांना शॉक दिले, आकडे छापले आणि सांगितलं, “सगळं नॉर्मल आहे, वयाचा थकवा आहे.” त्या रिपोर्टातला एकही आकडा चुकीचा नव्हता. हिच्या हाताच्या नसेतून संदेश सेकंदाला ५७ मीटर वेगाने जात होता आणि ५० च्या वर असला की चांगला धरतात. फक्त बिघाड जिथे होता तिथे कुणी पाहिलंच नव्हतं. आम्ही रिपोर्ट कपाटात ठेवला आणि थोड्याच दिवसांत पाणी पिताना ते हिच्या नाकातून येऊ लागलं. मग ज्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी चिठ्ठीवर ‘आरएनएस’ (नसेला लागोपाठ झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद घटतो का ते पाहायची टेस्ट) असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि या केंद्रात पाठवलं.

मी रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून निवृत्त झालो. पावसाळ्यात केबल मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, तपासावी, ती पूर्ण चांगली यावी आणि तरी सिग्नल लागू नये, असं मी नोकरीभर पाहिलं. दोष जॉइंटमध्ये असायचा. एनसीव्ही म्हणजे केबलची तपासणी आणि आरएनएस म्हणजे जॉइंटची, एवढं मला चटकन कळलं. जॉइंटच्या आत नेमकं काय घडतं, ते मात्र या केंद्रातल्या टेक्निशियन मुलीने समजावलं आणि तिथून माझं वाचन सुरू झालं.

फोनवरच फरक जाणवला होता. “काकूंना त्रास दिवसात कधी जास्त होतो?” हा तिचा पहिला प्रश्न. संध्याकाळी म्हटल्यावर तिने पाच वाजताची वेळ दिली. पेसमेकर आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी आहे का, मायस्थेनियावरची पायरिडोस्टिग्मिन ही गोळी सुरू केलीय का, हे विचारलं. ती गोळी सुरू होती. तपासणीआधी बारा तास ती थांबवावी लागते, पण स्वतःच्या मनाने थांबवू नका, गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर मुळीच नाही, आधी डॉक्टरांना फोन करा, असं तिने दोनदा बजावलं. अंगाला तेल किंवा क्रीम लावू नका, पुढून हुक असलेला सैल ब्लाउज घाला, दागिने घरी ठेवा. फोनवर एवढी माहिती याआधी आम्हाला कुठेच मिळाली नव्हती.

जागा गोखले रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. स्टेशनचा पूल चढणं हिला तेव्हा जमत नव्हतं, म्हणून रिक्षा कोपरी पुलावरून तीन हात नाका, हरिनिवास करत आणली. संध्याकाळी नौपाड्यात शिरताना वेळ जातो, तो धरून निघावं.

आत गेल्यावर मुलीने संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. “काका, नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये फट असते.” किती? स्नायूपाशी साधारण ५० नॅनोमीटर. मेंदूत दोन चेतापेशींमधली फट त्याहून लहान, २० च्या आसपास. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज येईल. विजेचा संदेश नसेच्या टोकापर्यंत धावत येतो आणि तिथे त्याचा रस्ता संपतो. टोकाला कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि त्यासरशी आत साठवलेल्या सूक्ष्म पिशव्या काठावर येऊन फुटतात. एकेका पिशवीत ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचे पाच ते दहा हजार रेणू. ते फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे हे रसायन पकडणाऱ्या जागा) जाऊन बसतात, स्नायूत सोडियम घुसतं, नवा विद्युत संदेश उठतो आणि बोट हलतं. लगेच फटीतलं एक एन्झाइम ॲसिटिलकोलीनचे तुकडे करून जागा साफ करतं. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. मेंदूतल्या पेशीही एकमेकींशी बहुतेक ठिकाणी अशाच बोलतात. रसायनं वेगवेगळी, काही पुढच्या पेशीला उठवणारी, काही तिला गप्प करणारी, पण रीत हीच.

चाळीस वर्षं तारांमध्ये काढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! शरीराने एवढा वेगवान विजेचा मार्ग बांधला आणि शेवटच्या टप्प्यावर निरोप रसायनाच्या हाती दिला. शास्त्रज्ञांनाही हे सहज पटलं नव्हतं. १९०६ सालचं नोबेल गोल्जी आणि काहाल या दोघांना मिळून मिळालं, तेव्हा गोल्जी म्हणत होते की चेतासंस्था हे एकसंध जाळं आहे आणि काहाल म्हणत होते की प्रत्येक पेशी सुटी आहे. खरे ठरले काहाल. मग सुट्या पेशी बोलतात कशा? १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी बेडकांची दोन धडधडणारी हृदयं द्रावात ठेवली. एकाची व्हेगस नस (हृदयाची गती कमी करणारी) विजेने चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचा द्राव उचलून दुसऱ्या हृदयावर घातला. त्याच्या कुठल्याही नसेला हात लावलेला नसताना तेही मंदावलं. संदेश द्रावात उतरला होता! पुढे ते रसायन ॲसिटिलकोलीन ठरलं. नसेकडून स्नायूकडेही हेच जातं, हे हेन्री डेल यांच्या चमूने दाखवलं आणि लोवी व डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. लोवींचा प्रयोग मी हिला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा तिने भजनी मंडळातल्या बायकांना स्वतःच सांगितला.

आता तपासणी. खोलीत एसी चांगलाच गार होता. मुलीने हिच्या हातावर थर्मामीटर टेकवला, ३० अंश आले. तिने एसी बंद केला, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी हातावर आणि खांद्यावर ठेवली आणि पारा ३३ च्या वर जाईपर्यंत मशीनला हात लावला नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “थंडीत ते साफसफाई करणारं एन्झाइम मंदावतं, ॲसिटिलकोलीन फटीत जास्त वेळ टिकतं आणि दोष झाकला जातो. गार हातावर आजारी माणूस नॉर्मल निघू शकतो.” तेव्हा मला आमच्या डॉक्टरांनी केलेली गोष्ट उमगली. त्यांनी हातमोज्यात बर्फ भरून हिच्या पापणीवर दोन मिनिटं धरला होता आणि पापणी वर आली होती. ज्या केंद्रात तापमान पाहत नाहीत तिथल्या ‘नॉर्मल’ रिपोर्टावर मी तरी यापुढे विसंबणार नाही.

पहिला नंबर हाताचा. मनगटापाशी नसेला सेकंदाला तीन या गतीने दहा झटके आणि करंगळीच्या बाजूच्या स्नायूवर चिकटवलेल्या पट्टीवरून नोंद. पडद्यावर स्नायूच्या प्रतिसादाचे दहा उंचवटे शेजारी शेजारी उमटले, जवळपास सारखे. पहिल्यापेक्षा चौथा फक्त ४ टक्क्यांनी कमी. इथे थांबली असती तर पुन्हा ‘नॉर्मल’चा शिक्का बसला असता. पण या आजारात हात पुष्कळदा चांगला निघतो, दोष चेहऱ्याच्या आणि खांद्यामानेच्या स्नायूंत आधी सापडतो. म्हणून तिने कानापुढे झटके देऊन नाकाजवळच्या स्नायूची नोंद घेतली आणि मग मानेच्या बाजूला झटके देऊन खांद्याच्या मोठ्या स्नायूची. खांदा उडू नये म्हणून खुर्चीला पट्टा बांधला.

खांद्याचे उंचवटे मी स्वतः पाहिले. पहिला उंच, दुसरा खाली, तिसरा आणखी खाली, चौथा सगळ्यांत खुजा, पहिल्यापेक्षा २७ टक्के कमी. पाचव्या-सहाव्यापासून पुन्हा थोडी चढण. १० टक्क्यांपेक्षा जास्त घट म्हणजे दोष धरतात. नसेच्या टोकाशी लगेच फुटायला तयार असलेल्या पिशव्या थोड्या असतात. पहिल्या काही झटक्यांत त्या खर्च होतात आणि मागच्या पुढे यायला सेकंदभर लागतो. निरोगी माणसातही दर झटक्याला रसायन असं कमीच पडत जातं, पण मुळात ते गरजेपेक्षा इतकं जास्त असतं की स्नायूला उणीव जाणवत नाही. हिच्या स्नायूवरचे ग्राहकच कमी झालेले, त्यामुळे चौथ्या झटक्यापर्यंत कित्येक तंतूंपर्यंत निरोप पोचतच नव्हता.

“आकडा परत तोच येतो का बघते,” म्हणून तिने मध्ये विश्रांती देत झटक्यांची तीच मालिका पुन्हा घेतली. तोच आला. मग हिला दहा सेकंद जोर लावून खांदे वर ओढायला सांगितले आणि लगेच नोंद घेतली, तर घट निम्म्यावर! थोडक्या श्रमानंतर नसेच्या टोकात कॅल्शियम साचलेलं असतं, त्यामुळे पिशव्या जास्त फुटतात. नंतर पूर्ण एक मिनिट खांदे ओढायला लावले आणि दर मिनिटाला पुन्हा नोंद. तिसऱ्या मिनिटाला घट ३८ टक्क्यांवर गेली. भजनाच्या दुसऱ्या कडव्याला हिच्या घशात जे घडायचं, ते मला आकड्यात दिसत होतं. मी पाठ वळवून चष्मा पुसला. ही ‘मला काहीतरी होतंय’ म्हणत होती, तेव्हा घरातले, बाहेरचे सगळेच तिला आराम कर म्हणत होते. तिचं म्हणणं पहिल्यांदा पडद्यावर उमटलं होतं.

त्रास होतो का? होतो. हाताचे झटके सोसवतात, मानेचे बोचतात, कारण सगळेच्या सगळे तंतू चेतले जावेत म्हणून जोर मुद्दाम चढा ठेवतात. ही म्हणाली, इंजेक्शन परवडलं. पण प्रत्येक मालिकेआधी “काकू, आता देते हं” असं सांगून, तिची मान हलल्यावरच बटण दाबलं गेलं. पडदा ओढलेला, मदतनीसही बाईच. खांदा उघडा करावा लागतो, तेव्हा याला किंमत आहे.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून पंधराएक मिनिटं दिली. येऊरच्या पायथ्याशी सर्पदंशाचे रुग्ण पाहिलेल्या त्या. म्हणाल्या, मण्यार चावलेल्या माणसाची पहिली खूण पुष्कळदा पापणी उतरणं हीच असते, कारण मण्यार आणि नाग यांचं विष याच फटीवर घाव घालतं. नागाचं विष स्नायूवरचे ग्राहक अडवतं. मण्यारीचं विष त्यासोबत नसेचं टोकही निकामी करतं, म्हणून ते उतरायला वेळ लागतो. आणि याच विषाने पुढे मायस्थेनियाचं कोडं सोडवायला मदत केली. तैवान आणि चीनकडे सापडणाऱ्या मण्यारीच्या एका भाईबंदाच्या विषातला घटक ॲसिटिलकोलीनच्या ग्राहकाला घट्ट धरून बसतो. त्याला किरणोत्सर्गी खूण लावून १९७३ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या स्नायूंवरचे ग्राहक मोजले, तेव्हा ते निरोगी माणसांपेक्षा फारच कमी भरले. ते कमी करतात रुग्णाच्याच रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी).

औषध त्याच्याही आधीचं. १९३४ मध्ये ग्रिनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या मनात आलं की हा आजार क्युरारी या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या बाधेसारखा दिसतो, तर त्या विषाचा उतारा देऊन पाहू. फायसोस्टिग्मिन टोचलं आणि रुग्णाची पापणी उचलली गेली. हिची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच घराण्यातली. साफसफाईचं एन्झाइम ती अडवते, म्हणजे आहे तेवढं ॲसिटिलकोलीन उरलेल्या ग्राहकांवर जास्त वेळ काम करतं. मूळ आजार ती बरा करत नाही, त्यासाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं वेगळी घ्यावी लागतात.

डॉक्टरबाईंचा प्रामाणिकपणा आणखी एका गोष्टीत दिसला. त्या म्हणाल्या, आरएनएस नॉर्मल आली म्हणून मायस्थेनिया नाही असं समजू नका. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर निम्म्याहून जास्त रुग्णांत ती नॉर्मल येऊ शकते. अशा वेळी सिंगल फायबर ईएमजी नावाची जास्त बारीक तपासणी लागते. ती आमच्याकडे होत नाही, त्यासाठी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात जावं लागेल. स्वतःच्या दुकानात नसलेल्या मालाची माहिती देणारी माणसं थोडी असतात.

आता कापलेला अर्धा तारा. वाट पाहायच्या जागी पाठ नसलेली बाकडी आहेत. या तपासणीला येणाऱ्यांत मान धरवत नाही अशी माणसं असतात. ही भिंतीला डोकं टेकून बसली होती. दोनचार उंच पाठीच्या खुर्च्या एवढ्या केंद्राला जड नाहीत. रिपोर्ट इंग्रजीत आणि आद्याक्षरांनी भरलेला, तो डॉक्टरांसाठी आहे हे मान्य, पण त्यात त्वचेचं तापमान आणि गोळी किती तास थांबवली होती, या दोन नोंदी नव्हत्या. इतकी काळजी घेऊन केलेलं काम कागदावर का येऊ नये? मी सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी लगेच हाताने लिहून सही केली. मात्र छापील नमुन्यातच त्या जागा हव्यात. शिवाय फोनवरच्या सगळ्या सूचना तोंडी असतात. आमच्यासारखी म्हातारी माणसं एकीकडे लिहून घेतात आणि एक सुटते.

आम्हाला साडेचार हजार रुपये लागले, पावती मिळाली, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी. आधीच्या ठिकाणापेक्षा पैसे जास्त गेले, पण तीन स्नायू, ऊब देणं, श्रमानंतरच्या नोंदी, सगळं धरून दीड तास ती मुलगी आमच्यापाशी होती.

पुढचं थोडक्यात. रक्तात ग्राहकांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. अंगभर पसरलेल्या आजारात सुमारे ८५ टक्के रुग्णांत ती सापडतात. छातीचा सीटी स्कॅन केला, कारण १० ते १५ टक्के रुग्णांना छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ असते. हिला नाही. काही अँटिबायोटिक आणि मॅग्नेशियमचं इंजेक्शन या फटीतला निरोप आणखी कमजोर करतात, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या, गेलो तरी आधी आजाराचं नाव सांगायचं, ही ताकीद आहे. ती चिठ्ठी हिच्या पर्समध्ये असते. जेवणाआधी पाऊण तास गोळी घेते, भाकरी चावून खाते. एकादशीच्या भजनात तिने पूर्ण अभंग म्हटला.

कुणी दुसरीकडे ही तपासणी करणार असाल तर फोनवर एवढं विचाराच: आरएनएस करता का, चेहऱ्याची आणि खांद्याची करता की फक्त हाताची, अंग गरम करता का, श्रमानंतर पुन्हा नोंद घेता का. या चारांची उत्तरं ज्यांना पटकन देता येतात तिथे जावं. नौपाड्याच्या या केंद्रासाठी मराठी सूचनांचं एक पान मी मोठ्या अक्षरात लिहून काउंटरवर दिलंय. डॉक्टरबाईंनी तपासून छापायचं कबूल केलंय. खुर्च्यांचं मात्र अजून बाकी आहे.